घट्ट चुनखडीतलं तेल: पहिल्या प्रवाहावर साठा ठरवावा का?

खडकवाट: मुंबई हाय १९७४ साली सापडलं आणि २१ मे १९७६ रोजी तिथून तेल निघू लागलं. तिथल्या एल-३ या चुनखडीच्या थराने देशाला जेवढं तेल दिलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच थराने दिलं नसेल. पण ती आता म्हातारी झाली आहे, म्हणून अरबी समुद्रातल्या घट्ट, भेगाळलेल्या चुनखडीची चर्चा वाढली आहे. तिथे एखादी विहीर चाचणीत दोन दिवस जोरात वाहिली की लगेच साठ्याचे आकडे बोलले जातात. माझा याला ठाम विरोध आहे. भेगांची स्वतःची सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या पोकळ जागेचं प्रमाण, सहसा एक टक्क्याच्याही आत असते. तेल मुख्यतः बाजूच्या खडकाच्या बारीक छिद्रांत असतं आणि भेग ते फक्त वाहून आणते. आपल्याकडे बेसॉल्टात बोअर मारलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीत दोन इंच पाणी, मार्चमध्ये मोटार बंद!

डोलकाठी: मग एकोफिस्क झालंच नसतं. नॉर्वेच्या समुद्रातलं हे क्षेत्र १९६९ मध्ये सापडलं. खडूसारखा खडक, पारगम्यता, म्हणजे तेल वाहू देण्याची क्षमता, जेमतेम काही मिलिडार्सी (तिचं एकक), म्हणजे फारच कमी. विहिरी चालल्या त्या भेगांच्या जोरावर. सुरुवातीला १७-१८ टक्केच तेल निघेल असा अंदाज होता. १९८७ पासून तेल ढकलायला खडकात मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं आणि आता तो अंदाज ५० टक्क्यांच्या वर गेला आहे. घाबरून बसले असते तर?

खडकवाट: एकोफिस्कच्या खडूची सच्छिद्रता ३० ते ४० टक्के आहे. म्हणजे कोठार भरलेलं होतं, फक्त दार अरुंद. आपण बोलतोय ते कोठारच लहान असलेल्या खडकाबद्दल. शिवाय तिथेही १९७१ मध्ये आधी गल्फटाइड या रिगवरून चार विहिरींचं चाचणी उत्पादन घेतलं, मोठी बांधणी नंतर झाली. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे.

डोलकाठी: हे मान्य. पण महिनोन्‌महिने चाचणी घ्यायची तर रिगचं रोजचं भाडं कोण भरणार? आणि पावसाळ्यात अरबी समुद्र कसा असतो हे तिथे राहिलेल्यालाच कळतं.

कोअरपेटी: दोघेही वाहणाऱ्या विहिरीबद्दलच बोलताय. मला काळजी वाटते ती न वाहिलेल्या विहिरींची. भेगा बहुतेक उभ्या असतात. उभी विहीर दोन भेगांच्या मधून सरळ खाली जाते आणि अहवालात ‘कोरडी’ अशी नोंद होते. सेस्मिकवर, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेल्या जमिनीखालच्या चित्रावर, मिलिमीटरभर रुंदीची भेग दिसणारच नाही. त्यामुळे ड्रिलिंग करताना मड (विहिरीत फिरवतात तो चिखल) कुठे गायब झाला, इमेज लॉगवर (विहिरीच्या भिंतीच्या चित्रावर) भेगा कुठल्या दिशेने आहेत हे आधी पाहावं आणि पुढची विहीर त्यांना आडवी काढावी.
आणखी एक. खडकाच्या विद्युत रोधावरून त्यात पाणी किती, तेल किती हे काढायच्या आर्चीच्या सूत्रात ‘एम’ हा छिद्रांच्या रचनेवर अवलंबून असलेला घातांक डोळे मिटून २ धरतात. भेगाळ खडकात तो बराच कमी असतो. तिथे २ धरला की गणितात पाणी जास्त येतं आणि असलेलं तेल कागदावरून पुसलं जातं. सुट्या पोकळ्यांच्या खडकात नेमकं उलटं होतं, नसलेलं तेल दिसतं. कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना) न मोजता एकच आकडा सगळीकडे चालवणं मला अक्षम्य वाटतं.

डोलकाठी: कोअरचं पूर्ण पटलं. भाड्याच्या प्रश्नावर माझा तोडगा असा: वाहू द्यायचा काळ कमी करा, विहीर बंद ठेवून दाब मोजायचा काळ वाढवा. वायू जाळावा लागत नाही आणि बाजूचा खडक भेगांना तेल पुरवतो की नाही हे दाबाच्या रेषेवर दिसू लागतं.

खडकवाट: हे मला चालेल. बंद केल्यावर दाब मूळ आकड्यापर्यंत परत आला तर माझी पहिली हरकत मागे. कमी राहिला, तर ती भेगांची छोटीशी थैली आहे असं मी धरेन, मग पहिल्या दिवशी चोकमधून (विहिरीच्या तोंडावरच्या प्रवाह आवरणाऱ्या झडपेतून) कितीही तेल येवो.

कोअरपेटी: विहीर भेगांना आडवी काढली असेल तरच. उभ्या विहिरीवरून तो निकाल मी मान्य करणार नाही.