सोसायटीच्या कपाटात पुन्हा तीच बावीस पुस्तकं का?

वर्तकनगरची वाचक

आमच्या सोसायटीत ९६ घरं आहेत. यंदाच्या वार्षिक सभेत तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत वाचनालयाचं कपाट ठेवायचं ठरलं आणि पुस्तकांसाठी २०,००० रुपये मंजूर झाले. निवडीचं काम माझ्याकडे आलं. ग्रुपवर विचारलं, प्रत्येकाने पाच नावं द्या. ३१ जणांनी दिली. सगळी एकत्र मांडली तर वेगळी अशी फक्त २२ नावं निघाली. तीच आत्मचरित्रं, त्याच दोन पौराणिक कादंबऱ्या, तेच विनोदी लेख आणि श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारे अनुवाद. यातली निम्मी पुस्तकं सुचवणाऱ्यांच्या घरातच आहेत, मी स्वतः पाहिली आहेत.

मला वाटतं, २०,००० पैकी निदान १४,००० या यादीबाहेरच्या पुस्तकांवर खर्च व्हावेत. गाजलेलं पुस्तक शेजारी मागितलं तरी मिळतं. कपाट हवं ते ज्यांचं नावही कानावर आलेलं नाही अशा पुस्तकांसाठी. आणि 'छान आहे, वाचा' असं मोघम सांगण्यापेक्षा माणूस बघून पुस्तक सुचवावं.

बी विंगमधले काका रेल्वेतून निवृत्त झाले. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे ते इमारतीतल्या प्रत्येक मुलाला सांगतात. त्यांना गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' द्यावं. पुस्तक १८६३ चं, म्हणजे गाडी सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झालेली. ती मुंबई रोज बघणाऱ्या माणसाने ते लिहिलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई डबे करतात, त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र', हजार पाककृतींचं, पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघरातलं. कॉलेजात जाणारी एक मुलगी आहे, तिला शब्दांचं वेड. 'ठाणे' हे 'स्थानक'वरून आलं एवढं मी सांगितलं, तर लिफ्टपाशी उभी राहून ती ठाण मांडणं, ठाणेदार, पोलीस ठाणं असे शब्द जोडत बसली. कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' तिच्या हाती पडलाच पाहिजे. आणि आमच्या निम्म्या घरांची मुळं सातारा, नगर, जळगावकडची. त्यांच्यासाठी त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा', १९१५ चा.

तुम्हाला काय वाटतं? विरोध असेल तरी मोकळेपणाने लिहा. पुढच्या महिन्यात खरेदी आहे.

निवृत्त मास्तर, नौपाडा

ताई, तुमची तळमळ पोचली, पण मी विरोधात आहे.

शाळेत मराठी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. न वाचणाऱ्या मुलाला वाचायला लावणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. आठवीतला एक मुलगा पुस्तक उघडायचा नाही. त्याला एक गाजलेलं विनोदी पुस्तक दिलं. घरी गेल्यावर वडील म्हणाले, 'अरे, हे मीही वाचलंय, तो लग्नाचा प्रसंग आला का?' त्या एका प्रश्नासाठी त्याने रात्रीत चाळीस पानं वाचली. गाजलेल्या पुस्तकाचं बळ यात आहे. घरात, गाडीत, शेजारी कुणाशी तरी त्याबद्दल बोलता येतं. तुमच्या यादीतलं पुस्तक वाचणारा माणूस बोलणार कुणाशी?

आणि 'गावगाडा' सुचवताना एक गोष्ट सांगायलाच हवी होती. अलुत्या-बलुत्यांची, गावच्या हक्क-देण्याघेण्याची माहिती त्यात अफाट आहे. पण फिरस्त्या जमातींबद्दल आत्रे ज्या नजरेने लिहितात ती आज टोचते. ते न सांगता पुस्तक कुणाच्याही हाती देणं मला पटत नाही.

नेरूळ पूर्व

मास्तरांच्या दुसऱ्या मुद्द्याला दुजोरा. माझा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे.

जुनी, कमी ठाऊक असलेली पुस्तकं लोक उत्साहाने सुचवतात, पण ती मिळतात कुठे ते कुणी सांगत नाही. एका पुस्तकासाठी मी ठाणे, दादर, वाशी अशा चार दुकानांत गेलो. 'संपलंय, पुन्हा छापणार की नाही माहीत नाही' एवढंच उत्तर. शेवटी एका विक्रेत्याकडून टपालाने मागवलं. ६०० रुपये भरले आणि हातात आली झेरॉक्स, पिना मारलेली, मधली अकरा पानं गायब. नेमकं ज्या प्रकरणासाठी मागवलं होतं तेच तुटलेलं.

आपल्याकडे आवृत्ती निघते पाचशे-हजार प्रतींची. ती संपली की पुस्तक बाजारातून जातं. अशा पुस्तकाचं नाव घेऊन वाचकाला पळवत ठेवण्यात काय अर्थ आहे? बाजारात आहे तेच सुचवावं.

वर्तकनगरची वाचक

मास्तर, चूक मान्य. 'फिरस्ते' प्रकरण वाचताना मीही थबकले होते, आणि इथे लिहिताना ते गाळलं. यापुढे पुस्तक सुचवताना त्यात काय खटकलं तेही लिहीन.

नेरूळकर, तुमचा त्रास खरा आहे. पण एक बघा. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. माडगावकर १८६५ ला गेले, इतिहास संशोधक वि. का. राजवाडे १९२६ ला, आत्रे १९३३ ला. त्यांची पुस्तकं कुणीही छापू शकतं, कुणीही उतरवून घेऊ शकतं, त्यात चोरी नाही. माझ्या मते तर सोसायटीने अशी दोन पुस्तकं चांगल्या कागदावर छापून, बांधून ठेवावीत.

शिवाय आपण ठाण्यात राहतो. मराठी ग्रंथ संग्रहालय इथे १८९३ पासून आहे. ते उभं करणाऱ्यांत वि. ल. भावे होते, 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे. सव्वाशेच्या वर वर्षं जमवलेली पुस्तकं आपल्या शहरात असताना 'मिळत नाही' हा शेवटचा शब्द कसा असेल?

ग्रंथालयात काम करते, बेलापूर

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, मी रोज ती बघते. गाजलेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या भरून तीन-तीन वेळा बदलल्या जातात. शेजारच्याच फळीवर मला एक प्रवासवर्णन सापडलं. शेवटचा शिक्का ११ ऑगस्ट १९९४. बांधणी घट्ट, वाळवी नाही, पानांना नुसता पिवळेपणा. तीस वर्षं ते कुणी उघडलंच नव्हतं.

मी ते काउंटरवर आणून उभं ठेवलं. आत एक कागद घातला: 'ज्यांना नकाशा बघत बसायला आवडतं त्यांच्यासाठी. पहिली वीस पानं संथ आहेत, सोडून पुढे गेलात तरी चालेल.' तीन महिन्यांत सहा जणांनी नेलं. एका आजोबांनी परत करताना त्याच कागदावर खाली लिहिलं, 'वीस पानं सोडू नका, बोटीचं वर्णन तिथेच आहे.'

म्हणून मास्तर, बोलणार कुणाशी, या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर तो कागद आहे. न ऐकलेलं पुस्तक नुसतं फळीवर ठेवलं तर ते तिथेच मरतं. ते कुणासाठी आहे हे कुणीतरी आपल्या हाताने लिहायला लागतं.

आणि आवृत्ती लिहा. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. वरसईचे हे भटजी दान-दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. पण १९०७ ला चिं. वि. वैद्यांनी जे छापलं त्यात त्यांनी बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला पुस्तक काढलं. नाव तेच, पण वाचताना भटजींचा आवाज वेगळा लागतो. नुसतं 'माझा प्रवास वाचा' म्हणाल तर वाचक कुठला उचलेल?

डोंगरवाट

कथा-कादंबऱ्यांचं मला कळत नाही, मी वाटांची पुस्तकं वाचतो. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' आणि यंग झिंगारो या ट्रेकिंग संस्थेचं 'सांगाती सह्याद्रीचा', ही दोन्ही कपाटात हवीत. तुमच्या इमारतीतली पोरं रविवारी येऊरच्या डोंगरात जात असतील तर हवीतच.

पण सावध करतो. वाटांच्या पुस्तकाला वय असतं. आम्ही एकदा मार्चअखेर आसनगावला उतरून माहुलीला गेलो. हातात एका जुन्या पुस्तकातली पानं. त्यात लिहिलं होतं, वर टाक्यात पाणी आहे. त्या भरवशावर माणशी एकच बाटली घेतली. वर पोचलो तर टाक्याच्या तळाशी हिरवा गाळ आणि त्यात बुडालेली प्लास्टिकची बाटली. पाच जण होतो, खाली उतरेपर्यंत एकाला चक्कर आली. पुस्तक खोटं नव्हतं. लिहिणारा बहुधा पावसाळ्यानंतर लगेच गेला असणार, आणि महिना कुठे दिलेलाच नव्हता.

कादंबरी सुचवताना चूक झाली तर एक संध्याकाळ वाया जाते. इथे जीवावर बेततं. म्हणून वाटांचं पुस्तक देणाऱ्याने सालासकट द्यावं, आणि गावात विचारल्याशिवाय निघू नका हे पहिल्या पानावर लिहावं.

खाडीकाठ, दिवाळे

आमच्या भागावरची पुस्तकं कुणी सुचवली की दोनच नावं येतात. एक १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, तेराव्या खंडाचे दोन भाग आणि स्थळांचा चौदावा. दुसरी राजवाड्यांनी १९२४ ला छापलेली 'महिकावतीची बखर'. दोन्ही मी बघितली आहेत. गॅझेटियरमध्ये आमची मिठागरं आहेत, मासे आहेत, कोळी-आगरी आहेत. पण ते राज्य करणाऱ्यांनी स्वतःच्या कामासाठी लिहिलंय, मोजदाद करायला. बखरीत गावांची नावं येतात ती वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यातली कितीतरी गावं आज लोकलच्या पाट्यांवर आहेत. दोन्ही घ्या, माझा विरोध नाही. पण 'ठाण्याबद्दल वाचायचंय ना, हे वाचा' म्हणून तिथे थांबू नका.

पक्ष्यांच्या गाईडचंही तसंच. ऐरोलीच्या खाडीकेंद्रावर एका पाहुण्यांच्या हातात इंग्रजी गाईड होतं. त्यांनी चोच दाखवून मला समजावलं, गुलाबी चोचीचं टोक काळं तो मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पूर्ण चोच गडद लाल तो लहान. हे मला माहीत नव्हतं, इतकी वर्षं बघत असूनही. त्या पुस्तकाचं मोल मी मानतो. मग त्यांनी चिखलात टुणकन उडालेला मासा बघून विचारलं, हा काय? म्हटलं, निवटी. त्यांनी पानं उलटली, पुस्तक पक्ष्यांचं, त्यात कशी सापडणार? मग ते वहीत लिहून घ्यायला लागले आणि मी सांगत गेलो. निवटी, बोईट, खरबी, जिताडा, चिंबोरी कुठल्या बिळात बसते, उधाणाची भरती कशी येते, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी कसं मंद असतं.

निवृत्त मास्तर, नौपाडा

बेलापूरच्या ताईंचा तो कागद मला फार आवडला. मी आजवर मुलांना पुस्तकं दिली, पण आत असा कागद कधी घातला नाही. घालायला हवा होता.

तरीही चौदा हजारांना माझा विरोध कायम. ९६ घरांतली मुलं किती? त्यांतली किती आज मराठी सरळ वाचतात? माझ्या दोन्ही नातवंडांना जोडाक्षरं अडतात. त्यांच्या हाती १८६३ ची भाषा दिली तर ती पहिल्याच पानावर पुस्तक मिटतील आणि मराठीलाच कंटाळतील. निम्मे पैसे मुलांच्या साध्या, मोठ्या टाइपातल्या, चित्रांच्या पुस्तकांना द्या. त्यातही अल्पपरिचित निवडा, माझी हरकत नाही.

वर्तकनगरची वाचक

मोठ्या टाइपाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. तो मुलांइतकाच आमच्या आज्यांनाही लागू आहे. काल ए विंगमधल्या आजींना जाऊन विचारलं. म्हणाल्या, 'मला वाचायचंय गं, पण आताशा अक्षर पळतं.'

तेव्हा चौदा हजारांचा आग्रह सोडते. सात हजार मुलांच्या आणि मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांना. सात हजार अशा पुस्तकांना जी ३१ जणांपैकी कुणीही सुचवली नाहीत. उरलेल्या सहात गाजलेली, पण एकेकच प्रत. निम्म्यावर मात्र मी येणार नाही, मास्तर. न ऐकलेल्या पुस्तकांना एकदा जागा कमी दिली की पुढच्या वर्षी कुणी देत नाही, हे मी सभांमध्ये बघितलंय.

प्रत्येक पुस्तकात बेलापूरच्या ताईंसारखा कागद असेल: कुणासाठी, कुठली आवृत्ती, काय खटकेल. वाटांच्या पुस्तकांवर साल आणि महिना. नेरूळकर, नुसतं नाव यापुढे सुचवणार नाही. प्रत कुठे आहे ते आधी बघेन.

नेरूळ पूर्व

एवढं होणार असेल तर ठीक. माझ्या त्या झेरॉक्समधली अकरा पानं ग्रंथ संग्रहालयात मिळतात का ते शनिवारी येऊन बघतो. मिळाली तर अख्खी प्रत तुमच्या कपाटाला देईन.

निवृत्त मास्तर, नौपाडा

कागद लिहायला हात लागले तर मला बोलवा. शनिवार-रविवार मोकळा असतो.

खाडीकाठ, दिवाळे

ताई, एक विचारायचं होतं. त्या पाहुण्यांना सांगितलं त्या दिवसापासून मी आईला विचारून लिहायला घेतलंय. माशांची नावं, जाळ्यांची नावं, कुठल्या महिन्यात काय लागतं. छापलेलं नाही, दोनशे पानी वहीच आहे, एकोणीस पानं भरलीत. कपाटात ठेवायला चालेल का?

वर्तकनगरची वाचक

चालेल म्हणजे काय, दादा. मूळ वही तुमच्याकडेच राहू द्या, एकोणीस पानांची प्रत काढून द्या. आईंचं नाव वर लिहायचं का, तेवढं त्यांना विचारून सांगा.