शिवडीहून न्हावा शेवाला माल: अटल सेतू की वाशीच बरी?

कॉटनग्रीनवाला:
मंडळी एक शंका. गोडाऊन कॉटन ग्रीनला आहे, मसाल्याचा एलसीएल माल (म्हणजे अख्खा कंटेनर भरत नाही, इतरांच्या मालासोबत जातो) अधूनमधून न्हावा शेवा बंदराजवळ द्रोणागिरीच्या सीएफएसला, म्हणजे कंटेनर भरायच्या गोदामाला जातो. टेम्पोवाला अजून मानखुर्द, वाशी, उरण फाटा, गव्हाण फाटा असाच जातो, म्हणतो सेतूचा टोल परवडत नाही. अहो पूल आमच्या दारात शिवडीला सुरू होतो, २१.८ किमीत थेट चिर्ले, मग एवढा वळसा कशाला? कोणी माल घेऊन रेग्युलर जातं का?

ट्रेलरमालक:
गाडी कुठली त्यावर आहे सगळं. २०२४ ला सेतू चालू झाला तेव्हा जे दर लागले त्यात कारला २५० पण एलसीव्हीला (टेम्पोसारख्या छोट्या मालगाडीला) ४००, दोन एक्सलच्या ट्रकला ८३० आणि आमच्या ट्रेलरला १३००, तेही एका बाजूचे. वाशीचा टोल त्यापुढे किरकोळ. टोल माल पाठवणारी पार्टी देणार की गाडीवाला हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या, तुमचा टेम्पोवाला त्यासाठीच नको म्हणतोय. कटऑफच्या (जहाजासाठी माल पोचवायच्या शेवटच्या) दिवशी दुपारी निघायचं असेल तर सेतू घ्या, मानखुर्दला अडकलात तर गेलं जहाज. येताना टेम्पो रिकामा, त्याला कसली घाई, वाशीवरून येऊ दे.
आणि हो, मोठी गाडी मुंबईकडे येताना ईस्टर्न फ्रीवेवर सोडत नाहीत, शिवडीच्या एक्झिटला उतरवून गाडी अड्ड्याकडून एमबीपीटी (पोर्ट ट्रस्टच्या) रोडला काढतात. तुम्हाला ते सोयीचंच म्हणा.

डॉक्सवाली:
पूल तुम्हाला चिर्लेपर्यंत नेतो, सीएफएसच्या गेटच्या आत नाही. कार्टिंग ऑर्डर (सीएफएसमध्ये माल उतरवायची परवानगी) हातात नसताना गाडी पाठवायची आणि मग सीएफएसबाहेर उभी करून सीएचएला (कस्टम एजंटला) फोनवर फोन, हे रोज बघते मी. आधी कागद, मग गाडी. सेतूवर वाचवलेला वेळ लायनीत घालवायला ४०० रुपये कशाला भरायचे?

जासईकर:
आणि ती लाईन लागते आमच्या रस्त्यावर! करळ फाट्यापासून कडेला ट्रेलर उभे, रात्री ना रिफ्लेक्टर ना पार्किंग लाईट, बाईकवाल्याने जायचं कुठून? पोर्टने पार्किंग प्लाझा केलाय पण सीएफएसच्या गाड्या रस्त्यावरच. १९८४ ला जमिनींच्या आंदोलनात याच भागात गोळ्या खाल्ल्यात लोकांनी, आणि आता पूल आला तर त्यावर टू-व्हीलरला बंदी. असो, तुमचा विषय वेगळा आहे.

कॉटनग्रीनवाला:
नाही दादा, बरोबर आहे तुमचं. टेम्पो बाहेर उभा करायचा नाही असं सांगतो. जातानाचा टोल मी देतो म्हणून बघतो, बाकी त्याचं तो बघेल. ताई, कार्टिंग रात्री घेतात का?

डॉक्सवाली:
प्रत्येक सीएफएसचं वेगळं असतं. कन्सोलिडेटरला (अनेकांचा माल एका कंटेनरात एकत्र पाठवतो त्याला) विचारून मगच लोडिंग करा, आणि शक्यतो कटऑफच्या आदल्या दिवशी पाठवा.