एचपीची पट्टी म्हणे पोरखेळ!

तिरपं_चिलखत
काल एका धाग्यावर 'सुसाट ८८' यांनी ठोकून दिलं की वर्ल्ड ऑफ टँक्स हा रणगाड्यांचा खेळच नव्हे. मुद्दा असा: जर्मन टायगर रणगाड्याचा गोळा सोव्हिएत टी-३४ च्या कुशीत बसतो, समोरच्याच्या एचपीच्या पट्टीतले, म्हणजे उरलेल्या जिवाच्या मापातले, २४० गुण जातात आणि तो आरामात टरेट (तोफेचा घुमट) फिरवून उलट मारतो. खरा शौकीन वॉर थंडर हा दुसरा, बिनपट्टीचा खेळ खेळतो, बाकीच्यांनी फुगे फोडत बसावं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

आधीच कबूल करतो, पट्टी खोटी आहे. त्यात अधिक-उणे २५ टक्क्यांचा फासा, म्हणजे २४० चा गोळा १८० काढेल की ३०० हे देवालाच ठाऊक. समोरच्याचे १९० उरलेले असताना माझ्या गोळ्याने १८२ च काढले की मीही कीबोर्ड आपटतो. पण खोटं काय आमच्याच घरी राहतं?

तुमच्या 'रिअलिस्टिक' मोडमध्ये कॅमेरा कुठे असतो हो? गाडीच्या मागे, वर, हवेत. भिंतीआड उभं राहून भिंतीपलीकडचा रस्ता बघता. तोफेची नळी फुटली की क्रू चकमकीच्या मधोमध, मिनिटाच्या आत ती नीट करतो. पाचातले तिघे मेले तर उरलेले दोघे संगीत खुर्चीसारखे जागा बदलून लढतात. आणि ७६ मिलिमीटरवाला टी-३४ घ्या. टरेटमध्ये माणसं दोनच, त्यातला कमांडर हाच तोफची. दुर्बिणीतून नेम धरायचा की बाहेर काय चाललंय ते बघायचं, एका वेळी एकच. टी-३४-८५ ला तिसरा माणूस मिळाला तो १९४४ मध्ये. या आंधळेपणाची झळ तुमच्या खेळात कुणाला लागते? जर्मन पँथर तर १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईत पहिल्यांदा उतरला तेव्हा निम्म्या वाटेत बंद पडत होता. दोन्ही खेळांत तो रेसच्या घोड्यासारखा पळतो. खरं दाखवायचं ठरवलं तर पँथरवाले सामनाभर गॅरेजात बसतील.

मला विचाराल तर रणगाड्याच्या लढाईतली गंमत गोळा सुटायच्या आधीची. परवाचंच सांगतो. शेवटी उरलो मी आणि एक सोव्हिएत केव्ही-२ रणगाडा. माझ्या टायगरमध्ये ३०० गुण, त्याच्याकडे १५२ मिलिमीटरची ती हंड्याएवढी तोफ. मी कोपऱ्याच्या घराआड उलटा लागलो, मागचा भाग आधी, अशा कोनात की माझी कूस त्याला जेमतेम घासून दिसावी. एक वीत बाहेर, परत आत. पुन्हा एक वीत. तिसऱ्या वेळी त्याला राहवलं नाही. गोळा ८० मिलिमीटरच्या कुशीवरून ठणकन उडाला. एपी, म्हणजे चिलखतभेदी गोळा, भरला होता म्हणून. एचई, म्हणजे स्फोटक, असता तर नुसत्या धक्क्याने गेलो असतो. मग तो वीस-बावीस सेकंद भरत बसला आणि मी बाहेर येऊन तीन गोळे घातले. ही मजा पट्टीमुळे कमी झाली? मला तर पट्टीमुळेच घाम फुटला होता.

सुसाट_८८
माझं वाक्य अर्धं उचललंत. 'खेळच नव्हे' असं नाही, 'लढाईचा खेळ नव्हे' म्हणालो होतो. असो, नावाने धागा काढलात, आभारी आहे.

कॅमेऱ्याचं मान्य, पण ज्याला खुपतो त्याला सिम्युलेटर मोड आहे. तुमच्याकडे काय पर्याय आहे? गोळा आत काय फोडतो ते दाखवणाऱ्या एक्स-रेमुळे मला कळलं की अमेरिकन शेरमनचे गोळे आधी ट्रॅकच्या वर, दोन्ही कुशींना असत आणि १९४४ पासून वेट स्टोवेजवाल्या गाड्यांत ते तळाशी, पाण्याच्या कप्प्यांत गेले. आता मी शेरमन दिसला की त्याचं मॉडेल ओळखून नेम धरतो. तुमच्या पट्टीने काय शिकवलं? ३०० वजा २४० बरोबर ६०. तिसरीचं गणित.

आणि तुमच्या ४४५ मीटरच्या नजरेच्या मर्यादेचं काय? मोकळ्या माळावर घराएवढा माउस रणगाडा उभा आहे, मधे गवताची काडी नाही, आणि ४४६ मीटरवरून तो दिसत नाही! वर ५० मीटरच्या आत आला की डोंगराच्या आरपार दिसतो. याला लढाई म्हणता?

झुडूपनिवासी
माउसचा अपमान सहन केला जाणार नाही.
रच्याकने, झुडपापासून पंधरा मीटर मागे सरकून तोफ डागली की झुडूप तुम्हाला तसंच लपवतं, याहून सुंदर शोध मानवजातीने लावलेला नाही. मी गेली सात वर्षं तिथेच राहतो.

फटफटी_हेलकॅट
तुमचं एचपी न् एक्स-रे चालू द्या. दोघेही मूळ दुखण्याला हात लावत नाही, म्हणून लिहितो: आर्टी, म्हणजे लांबून गोळे टाकणाऱ्या तोफगाड्या, काढा.

मी हलक्या गाड्या चालवतो. एका पातळ पत्र्याच्या डब्यात बसून, सगळ्यांच्या पुढे जाऊन, पंधरा जणांसाठी शत्रू स्पॉट करून देतो. त्यात काहीतरी चपळाई लागते. आणि नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला एक महाशय आकाशातून खाली बघत बसलेले असतात, एक क्लिक करतात, माझा ट्रॅक तुटतो, क्रू झिंगतो. ज्याला मी बघू शकत नाही, मारू शकत नाही, त्याच्याशी लढायचं कसं? गेल्या रविवारी सलग चार सामने दोन्हीकडे तीन-तीन आर्टी. चौथ्यानंतर मशीन बंद केलं आणि घरच्यांवर उगाच खेकसलो.

सातवं_आकाश
ते महाशय मीच. नमस्कार.

२०१७ च्या आधीही मी आर्टीच चालवायचो. तेव्हा चिलखतभेदी गोळे मिळायचे, एका फटक्यात अख्खी गाडी जायची. त्या काळातल्या शिव्या मी आशीर्वाद म्हणून घेतल्या, कारण त्या रास्त होत्या. ९.१८ अपडेटने ते गोळे काढले, एका बाजूला तीनच आर्टी ठेवल्या, आर्टीवाल्यांना आपसात प्लाटून (टोळी) करून यायची बंदी केली. आमचे दात काढले आणि हातात खुळखुळा दिला. तरी तुमचं रडगाणं तेच.

आणि आता खरं कारण. माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय. भराभर माउस फिरवणं जमत नाही, दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. तुमच्या हेलकॅटची चपळाई मला या जन्मी जमणार नाही. आर्टीत वेळ मिळतो: नेमाचं वर्तुळ आवळेपर्यंत थांबायचं, समोरचा कुठे जाईल त्याचा अंदाज बांधायचा, गोळा खाली यायला लागणारे सेकंद मोजायचे. हे 'एक क्लिक' वाटतं तुम्हाला? मला या खेळात राहू देणारी ती एकच गाडी आहे.

फटफटी_हेलकॅट
मनगटाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण म्हणून माझ्या डोक्यावर गोळे टाकायचा परवाना मिळतो का? सहानुभूतीचंही कवच घालून आलात म्हणजे कमाल झाली.

सातवं_आकाश
परवाना नाही मागितला. 'यात कसब नाही' हे तुमचं वाक्य मागे घ्या एवढंच.

फटफटी_हेलकॅट
कसब 'नाही' असं मी कुठे लिहिलंय? वर जाऊन वाचा. माझ्याकडे चपळाई लागते म्हणालो. बरं, घेतलं मागे, जे बोललोच नव्हतो ते. खूश?

सुसाट_८८
आर्टीवर भांडताय? आमच्याकडे या. शांतपणे टेकडीमागे हल-डाउन लागून, म्हणजे नुसती टरेट वर ठेवून, तीन गाड्या टिपाव्यात आणि ज्याला पहिला टिपला तोच मेल्यावर भूत होऊन विमानातून येतो आणि डोक्यावर बॉम्ब सोडतो. मेलेल्याने वर जावं हे मान्य, पण बॉम्ब घेऊन?

विर्बलविंड_बाबा
दर वेळी हेच. चार नळ्यांची २० मिलिमीटरची विमानवेधी गाडी समोर ठेवली आहे, घ्यायची कुणी? सगळ्यांना टायगर पाहिजे. मी एकटा सामनाभर मान वर करून फिरतो. परवा तीन विमानं पाडली आणि गुणतक्त्यात शेवटून दुसरा आलो. वर चॅटमध्ये आमच्याच संघातला विचारतो, 'तू नेमकं काय केलंस?' विमानांवर रडणाऱ्यांनी आधी महिनाभर माझी ड्यूटी करावी, मग बोलावं.

सुसाट_८८
तुम्ही एक टक्का आहात बाबा. तुमच्यासारखे सामन्यात दोन असते तर मी हे लिहिलं असतं का? आणि विर्बलविंडची टरेट वरून उघडी. विमानाने एक फेरी नीट मारली की तुमचेच तोफची आधी जातात. उपाय म्हणून रोगी पुढे करताय.

विर्बलविंड_बाबा
वरून उघडी आहे म्हणून तर सगळं आकाश दिसतं! आयुष्यात पाच सामने तरी चालवलीय का ती गाडी? की फक्त एक्स-रेत बघितली?

तिरपं_चिलखत
धागा माझा आहे याची नम्र आठवण. एचपीवर बोला कुणीतरी.

जुना_जॉयस्टिक
बोलतो. दोन्ही खेळणी आहेत. १९८० चा बॅटलझोन आठवतो का कुणाला? काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा, त्याच रेघांचे डोंगर, त्याच रेघांचे रणगाडे. त्यावरूनच अमेरिकन लष्करासाठी ब्रॅडली ट्रेनर हा सरावाचा खेळ बनवून घेतला होता. ना पट्टी, ना एक्स-रे, तरी लष्कराला त्यात काही दिसलं. मग १९८९ चा एम१ टँक प्लाटून. चार गाड्या तुमच्या हाती, एकीत तोफची व्हा, तोवर उरलेल्या तीन कुठे भरकटल्या ते नकाशावर शोधा. एका रात्री धुराच्या पडद्यात माझ्याच दुसऱ्या गाडीवर मी गोळा घातला, ती चूक अजून विसरलेलो नाही. तुम्हाला नुसता नेम येतो, हुकूम देणं येत नाही.

आणि हे चिलखत तिरपं करून उभं राहणं तुम्हा गेमवाल्यांचं खूळ आहे. खऱ्या रणगाडेवाल्यांना असले चाळे करायला वेळ नव्हता.

तिरपं_चिलखत
काका, बाकी सगळं शिरसावंद्य, पण शेवटचं वाक्य सपशेल चूक. १९४३ मध्ये टायगरच्या क्रूसाठी जर्मनांनीच 'टायगरफिबेल' ही चित्रं-कवितांची पुस्तिका काढली होती. शत्रूसमोर सरळ तोंड करून उभे राहू नका, घड्याळाच्या साडेदहा किंवा दीडच्या दिशेला ठेवा, असं त्यात शिकवलंय. त्या कोनांना नावं जेवणाच्या वेळांची दिली होती. आयडी उगाच नाही घेतला मी.

जुना_जॉयस्टिक
साडेदहा काय नि दीड काय. बरं, पुस्तिकेत होतं. लढाईत किती जणांनी केलं ते विचारलंत तर तुमच्याकडेही उत्तर नाही. पण 'खूळ' हा शब्द मागे.

झुडूपनिवासी
काकांनी माघार घेतली! तारीख लिहून ठेवा.

सुसाट_८८
पुस्तिका दाखवताय तर जपून. आमच्याकडे ब्रिटिश रणगाडा चॅलेंजर २ वरचा वाद जिंकायला एकाने २०२१ मध्ये फोरमवर लष्करी पुस्तिकेतली पानंच चढवली होती, त्याच वर्षी दुसऱ्याने फ्रेंच लक्लेरची. कंपनीला ती उडवावी लागली. आमचे लोक हट्टाला पेटले तर कोर्ट मार्शलपर्यंत जातात, तुमच्यासारखं पट्टीवर रडत नाहीत.

तिरपं_चिलखत
याचा अभिमान बाळगताय की काय? टायगरफिबेलला गुप्त म्हणणारा आता कुणी उरलेला नाही, निश्चिंत राहा.

सुसाट_८८
बरं, ऐका. तुमचा तो केव्ही-२ चा किस्सा तिसऱ्यांदा वाचला. उलटं लागून वीत-वीत बाहेर येण्याचा प्रकार आमच्याकडे फारसा चालत नाही, कारण दिसलेल्या ट्रॅकमधून गोळा आत शिरला तर पुढचं सगळं संपतं. तेवढ्यापुरती तुमची पट्टी उपयोगी आहे, म्हणजे चुकायला जागा देते. याहून जास्त माझ्याकडून मिळणार नाही. जुनं खातं शोधून एक सामना टाकून बघतो. समोर आर्टी निघाली तर लगेच परत जाईन.

सातवं_आकाश
किती वाजता येताय?