जुन्या गाडीचा गंज: घरी कोणी कोणी काढला? आपापले अनुभव लिहा

संत्रीबाग
परवा रात्री पहिला दणदणीत पाऊस झाला. सकाळी गाडीचं दार उघडलं तर ओल्या मॅटिंगचा कुबट वास. त्या वासासरशी बाबा आठवले.

आमची मारुती ८०० आहे, १९९८ची, पांढरी. बाबा गेले, गाडी मी ठेवली. मृग लागायच्या आधी बाबा खराट्याची काडी घेऊन चारही दारांपाशी उकिडवे बसायचे. दाराच्या खालच्या काठाला बारीक भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. माती बसून ती बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून सडतो. लहानपणी आम्हाला वाटायचं, बाबा गाडीचे कान कोरतात.

गेली तीन वर्षं मी ती काडी घातली नाही. आज ड्रायव्हरच्या दाराखाली रंगाला फोड दिसला. दाबला तर बोट आत गेलं. फार वाईट वाटलं. तुम्ही कोणी घरी गंज काढला असेल तर सांगा.

मानेवाडा चौक
बसमध्ये आहे, तुटक लिहितो. बोट आत गेलं म्हणजे तो पत्रा संपला ताई. त्यावर लांबी (पुट्टी) भरू नका. माझ्या गाडीच्या चाकावरच्या कमानीत एका गॅरेजवाल्याने जाळी कोंबून लांबी भरली, वरून झकास रंग मारून दिला. दुसऱ्या पावसाळ्यात सगळा ढलपा हातात आला. लांबी पाणी शोषते नि खाली गंज चालूच राहतो. शेवटी सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची आणि दाराचं आतलं पॅड, प्लास्टिक सगळं बाजूला करायचं. स्टॉप आला.

धरमपेठची काकू
गाडीचे कान! डोळ्यांत पाणी आलं गं वाचून. ह्यांची ॲम्बेसेडर होती, दर रविवारी पुसायचे. पोळ्याला बैलांसारखी तिलाही ओवाळायला लावायचे मला. कुकरची शिट्टी झाली, येते.

हिंगणा रोड
मी एमआयडीसीत पेंटचंच काम करतो म्हणून जरा लांबण लावतो, राग मानू नका.

आधी टिचकी मारून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, लांबी भरलेला बद्द वाजतो. फ्रिजवरचं पातळ चुंबक फिरवलं तरी समजते, जाड लांबीवर ते धरत नाही.

नुसता वरवरचा लाल गंज असन तं घरी होते. फोडाच्या चारही बाजूंनी दोन-तीन बोटं जास्त घासा, कारण गंज रंगाखालून पसरलेला असतो. आधी ८० नंबर पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे. खड्ड्यात काळे ठिपके राहिले तं त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातल्या फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडने गंज काळा होऊन स्थिर होतो. पण सुटी खपली तशीच ठेवून वरून लावलं तं काही उपयोग नाही. हातमोजे घाला. मग थिनरने पुसून प्रायमर.

आता लोकं इथं चुकतात. प्रायमर मारला म्हणजे झालं असं वाटते. साध्या रेड ऑक्साइडमधून ओल जाते राजेहो, त्यावर रंग पाहिजेच. प्रायमर मारून गाडी महिनाभर पावसात उभी ठेवली तं खालून पुन्हा लाल.

आणि रंग आत्ता नका मारू. दमट हवेत थिनरवाला रंग पांढुरका पडते. आपल्या मे महिन्यात बॉनेटवर हात ठेववत नाही, तेव्हा रंग बसायच्या आधीच सुकते. दसऱ्यानंतर सकाळी नऊच्या आत काम करा.

संत्रीबाग
दादा, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. मग दसऱ्यापर्यंत काय करू?

हिंगणा रोड
भोकं मोकळी करा, दार आतून वाळवा, सुटा गंज काढून उघड्या लोखंडाला ग्रीस चोपडा. रंगाच्या वेळी थिनरने ते पूर्ण काढा.

डागा लेआउट
२३ सप्टेंबर २०२३. अंबाझरी तलाव ओसंडला त्या पहाटे आमच्या गाडीत सीटपर्यंत पाणी. वरून सगळं वाळलं होतं, म्हणून महिनाभर निवांत होतो. मग मॅटिंग उचललं तर खालचा फोम चिंब आणि फ्लोअरला लाल पापुद्रे. सीटा काढल्या, तळातली रबरी बुचं काढली, फोम गच्चीत चार दिवस उन्हात टाकला. पुरात सापडले नसाल तरी एकदा मॅटिंग उचलाच. आमच्या मेहुण्याकडे पूर आला नव्हता, एसीच्या पाण्याची नळी तुंबून डावी बाजू सडली.

खामला
काऊन जी, नागपुरात गंज म्हटलं की मला तं कूलरच आठवते! टाकीला आतून दरवर्षी डांबरी काळा पेंट मारतो. तोच गाडीच्या खालून चालते का?

हिंगणा रोड
भाऊ, गाडीले अंडरकोटिंगच वापरा. आणि गंजावर मारू नका. वरून झाकलं की ओल आत कोंडते. आधी चिखल धुऊन, घासून, पूर्ण वाळवून मगच. खाली शिरायचं असन तं नुसत्या जॅकवर नाही, स्टँड लावा. सडक्या जागी जॅक आत घुसलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

रत्नागिरीहून नागपूर
तुम्ही लोक नशीबवान. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने तीन-चार वर्षांत बिजागऱ्या धरतात. किनाऱ्यावरची जुनी गाडी स्वस्त मिळाली तरी खालून पाहिल्याशिवाय घेऊ नका. प्लास्टिकचं कव्हरही काढून टाका, त्याखाली घाम धरतो.

खामला
पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या आरसीचं नूतनीकरण कोणी केलं का इतक्यात? पर्यावरण कर भरून ठेवला आहे.

डागा लेआउट
वेगळं विचारा ना भाऊ, इथं ताईंचं दार राहून जाईल.

संत्रीबाग
ऐका. आत्ता काडी घातली. आधी चिखलाचा गोळा, मग काळपट पाणी, पेलाभर तरी असेल. मागच्या दोन्ही दारांतूनही आलं. पुढचं डावं मात्र कोरडं निघालं. काडी शोधायलाही जावं लागलं नाही. डिकीत स्टेपनीखाली टूलच्या पिशवीत बाबांच्याच तीन काड्या होत्या, रबर गुंडाळून ठेवलेल्या.

धरमपेठची काकू
अगं बाई. जपून ठेव त्या.

संत्रीबाग
एक वापरली काकू. दोन ठेवल्या.

मानेवाडा चौक
घरी पोचलो. ताई, सक्करदऱ्याला एक वेल्डर आहे, माझ्या कमानीचं काम त्यानेच केलं. दाराचा खालचा पत्रा तयार मिळतो का ते आधी विचारतो. रविवारी सकाळी गाडी आणता येईल?