मदत हवी आहे: परागकणांच्या आलेखात गवत वाढलंय, पण जंगल खरंच घटलं का?

नमस्कार मंडळी, तळ्याच्या गाळातल्या परागकणांवरून जुनं हवामान कसं ओळखतात ते शिकतोय, त्यासाठी निओटोमा डेटाबेसवरून एका तळ्याचा डेटा उतरवून घेतलाय आणि एका जागी पार अडकलोय. कोअरच्या (तळ्याच्या तळातून उभा काढलेला गाळाचा दंडगोल) खालच्या थरांत पाइन भरपूर, वर येता येता पाइन उतरतं आणि गवत चढतं. सरळ अर्थ लावायचा तर हवामान कोरडं झालं, जंगल हटलं. पण हे सगळं टक्क्यांत आहे ना! समजा खाली 400 कणांत 300 पाइनचे, 100 गवताचे, आणि वर पाइनचे उरले 100 पण गवताचे तेवढेच 100, तरी गवत 25 टक्क्यांवरून थेट 50 वर, गवताची काडीही न वाढता.

त्यात पाइनच्या कणाला दोन बाजूंना हवेच्या पिशव्या, वाऱ्यावर कुठल्या कुठे जातो. उलट कीटकांवर अवलंबून असलेली झाडं तळ्याला खेटून उभी असली तरी स्लाइडवर जेमतेम दिसतात. मग तिथे खरंच काय किती होतं हे ठरवायचं कसं? आणि गवत वाढलं ते पाऊस कमी झाल्याने, आगीने की माणसाने जंगल तोडल्याने, हे कळतं का? कुणी यात काम केलं असेल तर प्लीज सांगा, मला हे नीट समजून घ्यायचंय.

प्रतिसाद:
आधी डेटात लायकोपोडियमचा (नेच्यासारख्या एका वनस्पतीच्या बीजाणूंचा) कॉलम आहे का बघा. नमुन्यावर ॲसिडची प्रक्रिया करताना या बीजाणूंची गोळी टाकतात, गोळीत साधारण किती बीजाणू ते माहीत असतं, त्यामुळे स्लाइडवर त्यातले किती सापडले यावरून एक घनसेंटिमीटर गाळात पाइनचे कण किती ते निघतं. पण तिथेच थांबू नका, गाळ भराभर साचला असेल तर कण विरळ दिसतात, म्हणून कार्बन 14 च्या तारखा जोडून दरवर्षी दर चौरस सेंटिमीटरवर किती पडले ते काढा. तोही आकडा घसरला असेल तर पाइन घटल्याचा पुरावा बराच पक्का. आगीसाठी त्याच थरांतला कोळसा बघा. शेतीसाठी गवतकुळातले साधारण 40 मायक्रॉनच्या वरचे कण, ते धान्याचे असू शकतात, मात्र काही रानगवतांचेही तेवढे मोठे असतात. आणि थर हिमयुगातले असतील तर जपून, तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड 180-190 पीपीएमपर्यंत उतरलेला, तेवढ्यात झाडांना पाण्याची ओढ जास्त लागते, त्यामुळे नुसतं गवत दिसलं म्हणून पाऊस तेवढा कमी होता असं धरू नका.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, लायकोपोडियमचा कॉलम आहे! तारखा मात्र मोजक्याच, आणि पाइन उतरतं त्या थराच्या आसपास तर एकही नाही. मधलं वय सरळ रेषेने काढलं तर चालेल का, की त्या थराचा दर काढूच नये?