मदत हवी आहे: निरोपाच्या पुस्तिकेत जुने, लहान फोटो किती मोठे छापावेत?
शाळा सोडणाऱ्या आमच्या वर्गाची आठवणींची पुस्तिका करतोय: ए-४, ६४ पानं, मधोमध पिना. अलीकडचे फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवले, ते उत्तम आलेत. अडलंय पाचवी-सहावीच्या फोटोंवर. मूळ फाइलच ६४० × ४८० पिक्सेलची, म्हणजे ३०० डीपीआयला (छापताना दर इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ५.४ सेंमी रुंद. फोटो मोठे करणाऱ्या ॲपने वाढवले तर चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, मागच्या रांगेतल्यांचे तर डोळेच बदलतात! कागदी प्रती कुणाकडेच नाहीत, त्यामुळे स्कॅनिंग बाद. बाकीचे फोटो कोलाजमध्ये खपतील, पण वर्गाचा एकत्र फोटो मोठाच हवा. तो मॅट कागदावर १५० डीपीआयने, १०.८ सेंमी रुंद छापला तर चेहरे ओळखू येतील, की त्याहून लहानच ठेवावा?