हॉलतिकिटासाठी भरलेला फीडबॅक खरा मानायचा?

तासिकेवरचा: काल इथे कुणीतरी लिहिलं, मुलांनी शिक्षकांबद्दल भरलेल्या ऑनलाइन फीडबॅकमुळे 'प्राध्यापक पहिल्यांदा वठणीवर आले'. कोणते प्राध्यापक? आमच्याकडे फॉर्म भरल्याशिवाय हॉलतिकीट निघत नाही. पोरं एसटी स्टँडवर उभ्याउभ्या सगळीकडे 'पूर्णपणे सहमत' दाबत सुटतात. गेल्या सत्रात बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या मॅडमनाही 'वेळेवर तास घेतात' मध्ये चारपैकी साडेतीन! आणि जूनमध्ये पुन्हा नेमणुकीच्या मुलाखतीला हाच आकडा माझ्यापुढे सरकवतात. असला फॉर्म बंद करा, निदान नियुक्तीशी तरी जोडू नका!

पीआरएनधारक: सर, मग हॉलतिकिटाची अट काढा, फॉर्म कशाला बंद करता? आम्हाला एका विषयात सत्रभर गाईडमधून उतरवून दिलं. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, 'इंटर्नलचे मार्क कोण देतं, माहितीये ना?' आम्ही बोलायचं कुठे?

माजी विभागप्रमुख: फॉर्ममध्ये तरी कुठे बोलता येतं? लॉगिन पीआरएननेच, म्हणजे प्रत्येकाच्या कायम नोंदणी क्रमांकाने. एमएस्सीला बारा मुलं असतात, शेरा कुणाचा ते भाषेवरून कळतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण 2017 च्या नव्या पद्धतीत आलं, त्यात 21 प्रश्न. शेवटचा तेवढा मुलांनी स्वतःच्या शब्दांत सूचना लिहिण्याचा. खरं काही असेल तर तिथेच असतं, पण बैठकीत सरासरीच वाचतात.

पीआरएनधारक: नॅकची लिंक थेट आमच्या मेलवर येते. कॉलेजचा संबंध नाही.

माजी विभागप्रमुख: येते मेलवर, पण भरून घेतात लॅबमध्ये बसवून. मी पाहिलंय.

गणिताची मॅडम: माझे शेरे वाचा. मी गृहपाठ मागितला की 'मॅडम चिडक्या', शेजारच्या सरांनी मागितला की 'सर शिस्तीचे'. 2015 साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा प्रयोग छापून आला. ऑनलाइन वर्गात मुलांना शिक्षक पुरुष आहे असं वाटलं, की त्या शिक्षकाला गुण जास्त. प्रत्यक्षात शिकवणारं कुणीही असो.

शेवटचा बाक: त्या प्रयोगात पन्नास मुलंही नव्हती. चांगलं शिकवणाऱ्याला भीती कसली?

तासिकेवरचा: भीती कसली? दिवाळीच्या सुट्टीत एक रुपया मिळत नाही, नेट-सेट या पात्रता परीक्षा होऊन दरवर्षी नव्याने अर्ज करतो, त्याची! कायम असलेल्यांचा सातवा वेतन आयोग या आकड्याने हलतो का? जागा भरत नाहीत आणि जबाबदारी मात्र आमच्याकडून मागतात.

शेवटचा बाक: प्रत्येक धाग्यावर तुमची सीएचबी, म्हणजे तासिकेवरची नोकरी, आलीच पाहिजे का? माझ्या बहिणीचं वर्ष एका *कायम* प्राध्यापकामुळे गेलं. निम्मा अभ्यासक्रम शिकवलाच नाही.

गणिताची मॅडम: मग त्या प्राध्यापकाला काय झालं? फॉर्म तर तेव्हाही होता ना?

शेवटचा बाक: काही झालं नाही. ठीक आहे, एवढं तुमचं मान्य.

माजी विभागप्रमुख: अट काढा, निकालानंतर फॉर्म उघडा, शेरे नावं काढून द्या, हे मलाही पटतं. पण नियुक्तीशी अजिबात जोडायचा नाही म्हणता, तर वाईट शिकवणाऱ्याचं करायचं काय?

तासिकेवरचा: वर्गात येऊन बसा. इतक्या वर्षांत माझा एक तास तरी कुणी मागे बसून ऐकलाय का?